भ सरळ आहे काय?



रहस्यकथेच्या भाषांतरकारावर एक दडपण सतत असते. मूळ लेखकाने वाचकासमोर ठेवलेला पुरावा त्याच्या हातून हरवता कामा नये. आर्थर कॉनन डॉयलच्या १८९१ सालच्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ या कथेत शेरलॉक होम्स टंकलिखित पत्रे ताडून पाहतो. त्यांत ‘ई’ किंचित फरफटलेला असतो, ‘आर’च्या शेपटात खोट असते. यंत्रालाही स्वतःचे हस्ताक्षर असते, एवढ्यावर त्याचा संशय पक्का होतो. परंतु तेच पत्र मराठीत छापले की त्यात हा ‘ई’ येणार कोठून?

याचे उत्तर मला येथे, दुर्गमध्ये, जुनी पुस्तके आणि टंकयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने दिले. गोदरेजने पहिले भारतीय टंकयंत्र १९५५ साली काढले. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला तोही त्याच वर्षी. कारागिराच्या मेजावर त्याच कंपनीचे एक देवनागरी यंत्र होते. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ‘म’ला स्वतंत्र कळ असते, ‘भ’ मात्र अर्धा उमटवून पुढे काना द्यावा लागतो. ख, ण, थ, ध, श यांचेही तसेच. कान्याची एक दांडी वाकली, की ही सगळी अक्षरे कलतात आणि ‘म’ ताठ उभा राहतो. केवढा पुरावा हा!

तरीही डॉयलच्या लंडनमध्ये देवनागरी यंत्र नेणे मला मान्य नाही. तेथे ‘ई’च राहील, भले तो वाचकाला सांगावा लागो. कथा आपल्या गावात आणून रूपांतर करायचे असेल, तर मात्र तो कललेला ‘भ’ मी निःसंकोच घेईन.