मानवी हक्क : वेशीपलीकडचा न्याय

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते पाळी सुटल्यावर, कल्याण लोकलमध्ये वाचून. काही चुकलं तर पदरात घ्या.

मागे याच विहारात एका तरुणाने आम्हाला विचारलं, "काका, संयुक्त राष्ट्रसंघाचा आपल्या वस्तीशी काय संबंध? घरचं गाऱ्हाणं परक्याच्या दारात कशाला?" त्याचं उत्तर आज देतो.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचाखात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून जास्त पगाराचं ते खातं आपल्याला बंद. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. अडवणारा केवळ मालक नव्हता, शेजारी उभा असलेला कामगारही होता. मग दाद कुणाकडे मागायची? जिथे अन्याय करणारा आणि पंच एकाच घरचे, तिथे न्याय वेशीपलीकडे शोधावा लागतो. गावकीच्या वर राज्यघटना हवी ती याचसाठी. आणि देशाच्याही वर एखादा दंडक हवा, तोही याचसाठी.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 1946 साली अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, तेव्हा त्यांनी ड्यूबॉइस या विद्वानाला पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध राष्ट्रसंघात तक्रार नेली, तिथल्या भारतीयांना भेदभावाने वागवतात म्हणून. ते सरकार म्हणालं, हा आमचा घरचा मामला. भारताने ते मानलं नाही.

10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' नको, 'सर्व मानव' हवं, यासाठी भारताच्या हंसाबेन मेहता भांडल्या. 1965 च्या वंशभेदविरोधी करारात जन्मकुळावरून होणारा भेदही घालावा, ही सूचना भारताचीच. पण 2001 साली दक्षिण आफ्रिकेतच, दरबान शहरात, आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा आपलं सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न. 1946 सालचं दुसऱ्याचं बोलणं आपल्याच तोंडी आलं! 2002 साली त्या कराराच्या समितीने मात्र स्पष्ट सांगितलं, जन्मकुळात जात येते.

आता खरं बोलू. ही समिती फौजदार पाठवत नाही. करार आपोआप कायदा होत नाही, संसदेला तो करावा लागतो. पण कोर्ट त्याचा आधार घेतं. कामाच्या जागी बायांच्या छळाविरुद्ध 1997 चा विशाखा निकाल असाच आला. 2014 साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख द्या म्हटलं. 2023 साली ते 30 लाख केले.

बंधूंनो, आमच्या शेजारच्या एका पोराला एका सोसायटीच्या संडासाच्या टाकीत उतरवलं. ना मास्क, ना दोर. बेशुद्ध होऊन वर काढला, वाचला. ठेकेदाराने आईच्या हातावर थोडे पैसे ठेवले आणि गप्प बसा म्हणाला. तिने घेतले. आम्ही तिला दोष देत नाही. दोष आमचा. असं उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी आम्ही तिच्यासोबत चौकीत गेलो नाही.

जगाचा कायदा कितीही मोठा असो, तो आपल्या गल्लीत आपल्याच पायांनी येतो. सरकारी माणसांनी हक्क तुडवला किंवा हयगय केली, तर मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे. अर्जाला फी नाही. मात्र घटनेपासून वर्षाच्या आत द्यावा लागतो. दर रविवारी वंदनेनंतर एक कलम वाचू. आणि पुन्हा कुणा आईला एकटीला चौकीची पायरी चढावी लागू नये, एवढा शब्द आज एकमेकांना देऊ.

जयभीम! जय भारत!