रस्ता तपासणाऱ्याची शाळा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू ऑडिट करतोस म्हणजे सीए झालास का रे?" नाही. मी हिशेबाच्या वह्या नाही, रस्ते तपासतो. माझ्या कामाला रोड सेफ्टी ऑडिट म्हणतात. मुलांना यात पाठवायचं तर काय शिकावं लागतं, असंही चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. म्हणून तेच सांगतो.

पाया सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीचा. वाहतूक किंवा महामार्ग विषयात एम.टेक. असेल तर उत्तमच. पण पदवी मिळाली की लगेच ऑडिटर होता येत नाही. आधी काही वर्षं रस्त्यांच्या डिझाइनमध्ये, बांधकामात काढावी लागतात. मग १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, नोएडाची इंडियन अकॅडमी ऑफ हायवे इंजिनिअर्स अशा संस्था तो घेतात. त्यानंतर अनुभवी ऑडिटरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम.

आमचं क्रमिक पुस्तक म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं 'एसपी ८८'. ते २०१० साली आलं, २०१९ मध्ये सुधारलं. रस्ता नकाशात असतो तेव्हापासून तो खुला होईपर्यंत टप्प्याटप्प्याने ऑडिट करायचं, आणि पुढे चालू रस्त्याचंही. नकाशातली चूक खोडरबरने जाते, डांबरातली काढायला जेसीबी लागतो. आणखी एक नियम: ज्याने डिझाइन केलं त्याने ऑडिट करायचं नाही. आपला पेपर आपणच तपासू नये, हे इथल्या गुरुजनांना मी काय सांगणार!

रस्ता नियमात बसतो का, हा झाला अर्धा प्रश्न. इथे कोणाला आणि कसा अपघात होईल, हा उरलेला अर्धा. त्यासाठी तोच रस्ता दिवसाही पाहायचा आणि रात्रीही. गाडीतून पाहायचा, मग उतरून चालायचं. शाळेसमोर मी चक्क उकिडवा बसतो. दुभाजकातल्या झुडपांपलीकडून येणारी गाडी आठ वर्षांच्या मुलाला दिसते का, ते उभं राहून कळत नाही.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोज साडेचारशेहून जास्त. आपल्या दहावीच्या फोटोत मधल्या रांगेत हसणारा आपला मित्रही असाच गेला. रात्रीची वेळ, दुचाकी, वळणावरचा अरुंद पूल. लोक म्हणाले, वेगात असेल. असेलही. पण माणूस कधीतरी चुकणारच, हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. वळणाआधी बाणांचे फलक आणि कठड्याला रिफ्लेक्टर, एवढं तरी तिथे हवं होतं.

आता तुमच्याकडे एक मागणं. ऑडिटर फक्त शिफारस करतो, अंमलबजावणी ज्याचा रस्ता त्याने करायची. आपल्यातले काही बांधकाम खात्यात आहेत, काही ठेकेदार, काही ग्रामपंचायतीत. अहवाल आला की कपाटात ठेवू नका. प्रत्येक शिफारशीचं काय केलं, ते लेखी द्या किंवा लेखी मागा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं आहे. सुरक्षेची मानकं न पाळल्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर डिझाइन करणारा, बांधणारा, देखभाल करणारा यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड भरून माणूस परत येत नाही, हे आपल्या तुकडीला वेगळं सांगायला नको.

मुलांसाठी ज्यांना आणखी काही विचारायचं असेल, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. आणि रात्री घरी जाताना दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा.