ग्राइंडरची घरघर

राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा हें उसाच्या टापूंतील गांव. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांना पाण्याची शाश्वती लाभली आणि या भागांत उसाची लागवड वाढली. उसाबरोबर कोयते आले, इंजिनें आलीं, पंप आले; आणि त्यांची निगा राखणाऱ्या लहान कर्मशाळाही आल्या. कर्मशाळा म्हटली कीं टेबलास घट्ट बसविलेला, दोन बाजूंस दोन दगड असलेला ग्राइंडर आलाच.

हें यंत्र वर्षानुवर्षें मुकाट्यानें राबतें. मग एके दिवशीं त्याच्या गुणगुणण्याची घरघर होते. आंतील वंगण सुकलेलें असतें, दगडाची धूळ बेअरिंगांत शिरलेली असते आणि गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडलेले असतात. घरांतील छताचा पंखा कुरकुरतो तेव्हां दुखणें पुष्कळदा हेंच असतें. परंतु ग्राइंडरची कुरकुर कानाआड करणें जिवावर बेतूं शकतें. साधी दोन ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारें २८५० फेरे घेते. त्या वेगांत आस डळमळला, दगड हादरून तडकला, तर त्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

दुरुस्ती अवघड नाहीं; तिला धीर मात्र हवा. प्रथम विजेची जोडणी काढावी. उजवीकडील नट नेहमींप्रमाणें सुटतो; डावीकडील नटाचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवावा. फिरतां फिरतां नट आपोआप ढिला होऊं नये, यासाठींच ही योजना आहे. दोन्ही झांकणांवर खुणा करून मगच तीं उघडावीं. जुनें बेअरिंग पुलरनें ओढून काढावें; हातोड्यानें आस वांकण्याची भीति असते.

बेअरिंगावर कोरलेला आंकडा हीच त्याची ओळख. ६२०३ म्हणजे आंतील भोंक १७, बाहेरचा व्यास ४० व रुंदी १२ मिलिमीटर. कारखाना कोणताही असो, हीं मापें तींच. नवें बेअरिंग दोन्ही बाजूंनीं धूळबंद असलेलें घ्यावें. तें आसावर चढवितांना नळीच्या तुकड्यानें केवळ आंतील कड्यावरच जोर द्यावा. बाहेरील कड्यावर दिलेला जोर गोळ्यांतून जातो आणि नवें बेअरिंग बसण्यापूर्वींच जायबंदी होतें.

दगड परत चढविण्यापूर्वीं तो लांकडी मुठीनें हलकेंच वाजवावा. खणखणीत नाद उमटला तर ठीक. बद्द आवाज आला तर तो दगड मोडींत टाकावा. हत्यार टेकवावयाची पट्टी दगडापासून ३ मिलिमीटरांहून दूर नसावी. यंत्र सुरू केल्यावर पहिलें मिनिटभर त्याच्या समोर नव्हे, बाजूस उभें राहावें.

यंत्र म्हातारें झालें असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा त्याचीं दोन कडींच म्हातारीं झालेलीं असतात. तेवढीं वेळेवर बदललीं, तर जुना ग्राइंडर पुन्हां कोयत्यांना धार देतो आणि त्यावर काम करणाऱ्या पोराचे डोळेही शाबूत राहतात.