पिस्तूल कमरेला लावण्याआधी



आज मला जरा अवघड विषय दिलाय. तुमच्यातले काहीजण अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला निघालेत, काही पोहोचलेतही. टेक्साससारख्या राज्यात उतरलं की पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगतं, "बंदूक घेऊन टाक, दिवस बरे नाहीत." सांगणारा आपलाच माणूस असतो, काळजीपोटीच सांगतो. म्हणून यावर मोकळेपणाने बोलू या.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. ह्यूस्टनमध्ये नवरा आणि मी औषधांचं छोटं दुकान चालवतो. रात्री ते बंद करायची पाळी बहुतेक माझी. वेदनाशामक गोळ्यांसाठी अशी दुकानं लुटली जातात, आणि डोक्यावर हिजाब घेतलेली एकटी बाई लांबूनही ओळखू येते. विचार करायला मला वर्ष लागलं. मग मी लपवून बाळगायचं पिस्तूल घेतलं. तुम्हीही घ्या, असं मी म्हणणार नाही. घेणं म्हणजे काय असतं, ते सांगते.

आधी कायदा, कारण इथेच बरेचजण फसतात. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बीवर असाल, तर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. "मित्राचं आहे, मी नुसतं वापरून बघतो" हेही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. तिकडे तेच सगळ्यात जास्त खपतं. या फरकाने माणूस भांबावतो.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. ही सूट मला पटत नाही. मी परवाना काढला. त्यासाठी वर्गात बसावं लागतं, लेखी परीक्षा असते आणि नेमबाजीची चाचणी असते: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण. अवघड नाही. पण त्या वर्गात कुठे पिस्तूल न्यायचं नाही ते नीट कळलं. शाळा, दारूचे बार, दारावर ३०.०६ कलमाचा फलक लावलेली कुठलीही जागा. मशिदीच्या दारावरही असा फलक असू शकतो, आधी तो बघायचा.

आता निवड. दुकानात गेलं की बाईला हटकून सगळ्यात छोटं पिस्तूल दाखवतात. पर्समध्ये मावतं, गोंडस दिसतं. पण पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितकं लपवायला सोपं आणि चालवायला अवघड. धक्का हाताला जास्त लागतो, मूठ पकडताना करंगळी अधांतरी राहते, नळी आखूड असल्याने दोन दृष्टींमधलं अंतर कमी पडतं आणि नेमातली बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी होते. छोटं पिस्तूल हे खरं तर सरावलेल्या हाताचं काम. नवख्याच्या हाती तेच दिलं जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने चालवून बघा. मी तीन बघितली. ग्लॉक १९ हातात उत्तम बसलं, नेमही त्याच्यावरच सगळ्यात चांगला लागला. त्यात १५ गोळ्या मावतात, पण भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास वजन होतं आणि माझ्या कुर्त्याखाली ते लपेना. ग्लॉक ४३ सडपातळ, सहा गोळ्यांचं. लपलं छान, पण तिसऱ्या गोळीनंतर मी डोळे मिटायला लागले. शेवटी सिगचं पी३६५ एक्सएल घेतलं. १२ गोळ्या, तळहातभर लांब, आणि करंगळीला टेकायला जागा. तुमच्या हाताला दुसरंच काही जमेल. स्लाइड मागे ओढायला ताकद लागते असं वाटतं, तेव्हा एक युक्ती सांगते. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. नळी मात्र कायम सुरक्षित दिशेला.

पिस्तुलाएवढाच विचार होल्स्टरचा करा. कडक साच्याचं, चाप पूर्ण झाकणारं. नाडीच्या सलवारीवर ते टिकत नाही, जाड पट्ट्याची पँट लागते. पर्समध्ये मी पिस्तूल कधीच ठेवत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यातल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून आई जागीच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली होती. पर्स आपण खुर्चीवर टाकतो, ट्रॉलीत ठेवतो, मुलाच्या हाती देतो. कमरेवरची वस्तू अशी विसरता येत नाही.

सवय व्हायला पैशापेक्षा वेळ जास्त लागला. पहिले पंधरा दिवस रिकामं पिस्तूल घरातच लावून हिंडले. भांडी घासताना, जिना चढताना, नमाज पढताना. रुकूत कुर्ता वर सरकतो, सजद्यात मूठ बरगडीत टोचते. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. रोज संध्याकाळी बघायचं, चाप दिवसभरात दाबला तर गेला नाही ना? मग रिकाम्या पिस्तुलाचा सराव: दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, डाव्या हाताने कुर्ता उचलायचा, उजव्याने मूठ पकडायची, बोट चापाबाहेर. रोज दहा मिनिटं. महिन्यातून एकदा रेंज.

पोलिसांबद्दल बोललं पाहिजे. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने थांबवली. त्याच्याकडे परवाना होता. माझ्याजवळ बंदूक आहे, हे त्याने स्वतःहून शांतपणे सांगितलं. तरीही पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. आपला रंग आणि आपलं नाव घेऊन पिस्तूल बाळगताना हे ठाऊक असायला हवं. मी गाडीची कागदपत्रं समोरच्या सनशेडला अडकवून ठेवते, म्हणजे हात कमरेकडे जायलाच नको. थांबवलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला, आणि विचारल्याशिवाय हालचाल नाही. पूर्ण हमी याचीही नाही.

घरात आल्यावर पिस्तूल थेट तिजोरीत. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. औषधांच्या दुकानात बसून मला माणसांचे वाईट दिवस जवळून दिसतात. आमच्या घरात ठरलंय, कोणाचंही मन खचलेलं असेल, तर त्या दिवशी पिस्तूल घराबाहेर जाईल. कुठे ठेवायचं ते आधीच बोलून ठेवलंय. रात्री फोनवर अब्बा विचारायचे, "बेटा, वापरावं लागलं तर?" मी म्हणायचे, दुकान लुटू दे, गोळ्या नेऊ दे, मागच्या दाराने निघता आलं तर मी निघणार. माल वाचवायला ते नाही. हे ऐकून ते थोडे शांत झाले, पूर्ण नाही.

आता सामानाचं एक. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. अशी बरीच प्रकरणं कोर्टात गेली आहेत. गावी निघायच्या आठवडाभर आधी मी सगळ्या बॅगा उलट्या करून झटकते. सासूबाई विचारतात, "झुरळं झाली का गं?"

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.