नित्यदान आणि मुक्या जिवांचं रक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही दानावर बोलणार, आणि तेही गेंड्यासाठीच्या दानावर, हे कळलं तेव्हा समितीच्या बैठकीतच हशा पिकला. एक काका म्हणाले, "गेंडा आणून रंकाळ्यात सोडणार काय?" आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. ज्या जनावराला आपण उभ्या जन्मात रानात पाहणार नाही, त्याच्यासाठी आपण खिशात हात का घालावा?

पहिली गोष्ट म्हणजे गेंडा आपल्याला परका नाही. सुत्तनिपातात खग्गविसाण सुत्त आहे. एकट्याने निर्भयपणे वाटचाल करणाऱ्या साधकाला तिथे गेंड्याच्या एकुलत्या एका शिंगाची उपमा दिली आहे. सम्राट अशोकाने ज्या प्राण्यांना मारू नये म्हणून स्तंभलेखात यादी कोरली, त्या यादीतल्या एका नावाचा अर्थ काही विद्वान गेंडा असाच लावतात. आणि आपल्या महाराष्ट्रातच, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला, 1974 साली जमिनीतून पुरातन काशाच्या मूर्ती निघाल्या. त्यात हत्ती आहे, रेडा आहे, रथ हाकणारा माणूस आहे, आणि चाकांवर उभा असलेला गेंडासुद्धा आहे. प्रवरेच्या काठच्या त्या माणसांना गेंडा ठाऊक होता. आज तो चित्रात आणि प्राणिसंग्रहालयात बघावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या कोल्हापूरची. आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी ऐकलं असेल, संस्थानच्या काळात कोल्हापूर चित्त्यांसाठी प्रसिद्ध होतं. शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. पुढे देशातला चित्ता कमी कमी होत गेला आणि 1952 साली तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तो जात होता तेव्हा कुणी दोन पैसे बाजूला काढले नाहीत. कारण तो जातो आहे हेच लोकांना कळलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून विमानाने चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणावे लागले. म्हणजे बघा, असलेलं राखायला जेवढं लागतं, त्याच्या कितीतरी पट गेलेलं परत आणायला लागतं.

गेंड्याचं तसं झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसामच्या काझीरंगात गेंडे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. 1905 पासून तिथे राखीव जंगलाची पावलं पडली, 1974 साली राष्ट्रीय उद्यान झालं. 2022 च्या गणनेत एकट्या काझीरंगात 2613 गेंडे मोजले गेले. भारत आणि नेपाळ मिळून ही संख्या चार हजारांवर आहे. हे आपोआप झालं नाही. रात्रंदिवस पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी ते केलं.

गेंडा मारला जातो तो शिंगासाठी. ते शिंग म्हणजे काय? आपली नखं आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याचंच ते. त्यात औषध नाही, जादू नाही. आसाम सरकारने 22 सप्टेंबर 2021 रोजी बोकाखाट इथे साठवलेली 2479 शिंगं जाहीरपणे जाळली, ती हेच सांगण्यासाठी. अंधश्रद्धेने माणसाचा बळी जातो तसा जनावराचाही जातो. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळं सांगायला नको.

शिकारीखेरीज ब्रह्मपुत्रेचा पूर आहेच. पूर आला की गेंडे उंचवट्याकडे धावतात. त्या धावपळीत पिल्लं आईपासून तुटतात. गेंडीण सुमारे सोळा महिने गर्भ वाहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. म्हणून एकेक पिल्लू मोलाचं. काझीरंगाजवळ 2002 सालापासून अशा जनावरांसाठी बचाव केंद्र आहे. तिथे पोरक्या पिल्लांना बाटलीने दूध पाजून वाढवतात. त्यांतली काही मोठी होऊन मानसच्या जंगलात सोडली गेली, जिथले गेंडे अशांततेच्या वर्षांत मारून संपवले गेले होते.

आता विचार करा. पिल्लाला दूध रोज लागतं. पुराची बातमी आली म्हणून आज हजार रुपये दिले आणि पुढे वर्षभर विसरलो, तर पिल्लू पुढच्या महिन्यात काय पिणार? वनरक्षकाची गस्तसुद्धा रोजची असते. म्हणून मोठं एकदाच देण्यापेक्षा थोडं नेमाने दिलेलं अधिक उपयोगी पडतं.

तथागतांनी हेच सांगितलं आहे. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात एक श्रीमंत ब्राह्मण मोठा यज्ञ मांडतो. शेकडो बैल, कालवडी, बोकड, मेंढे खांबाला बांधलेले असतात. भगवान त्याला समजावतात की जीव न मारता केलेला यज्ञ त्याहून थोर, आणि नेमाने चालणारं नित्यदान तर त्याहूनही कमी खटाटोपाचं आणि अधिक फळाचं. शेवटी तो ब्राह्मण बांधलेली सगळी जनावरं मोकळी सोडतो. दान आणि मुक्या जिवांचं रक्षण एकाच सुत्तात आलं आहे.

इथे आमची चूकही सांगतो. मागे आम्ही काही जणांनी विहारात वन्यजीवांसाठी डबा ठेवला होता. पहिल्या पौर्णिमेला तो भरला. चौथ्या पौर्णिमेला उघडला तर तळाशी चिल्लर. लोकांचा दोष नाही. आम्ही हिशेब फळ्यावर लावला नाही, पावती दिली नाही, पैसे कुठे गेले ते सांगितलं नाही. आपल्या भगिनींची भिशी वर्षानुवर्षं चालते, कारण तिथे दर महिन्याला हिशेब तोंडावर होतो.

एका ताईंनी तेव्हा विचारलं होतं, "पोरांच्या वह्या-पुस्तकांना पैसे नाहीत, गेंड्याला कुठून देऊ?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की, पोरांच्या वह्या आधी. कर्ज काढून कुणी दान देऊ नये. परमपूज्य बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्यास सांगितलं. तो हिस्सा धम्माचा, विद्यार्थ्यांचा. त्याला हात न लावता, जमेल त्या घराने महिन्याला दहा रुपये वेगळे काढावेत. साठ घरं झाली तर महिन्याला सहाशे, वर्षाला 7200 रुपये होतात. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती दहा रुपयांत पुरी होत नाही, पण सुरू तर होते.

पैसे देताना डोळे उघडे ठेवावेत. संस्था नोंदलेली आहे का, पावती देते का, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण दाखवते का, हे विचारावं. जी संस्था विचारल्यावर रागावते तिला देऊ नये.

आणि जवळचंही विसरू नये. आपल्या जिल्ह्यात दाजीपूरला 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, तेच आजचं राधानगरी अभयारण्य. गवा कधी उसात शिरतो, शेतकऱ्याचं नुकसान होतं, तेही दुःखच आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडला आलेला गवा गर्दीच्या पाठलागाने दमून मेला. आपल्याकडे गवा आला तर गर्दी न करणं, मोबाईल घेऊन मागे न धावणं, वनखात्याला कळवणं, हे अभयदान आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

येत्या पौर्णिमेपासून डबा पुन्हा ठेवतो आहोत. या वेळी शेजारी फळा असेल. जमा किती, पाठवले किती, पावती क्रमांक काय, सगळं त्यावर लिहिलेलं असेल. एखाद्या महिन्यात लिहायचं राहिलं, तर लहान मुलानेही आम्हाला जाब विचारावा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!