स्वागताध्यक्षांचे भाषण



पर्यावरणातील बदल आणि दुर्बल घटकांचे जगणे या विषयावरील परिषदेसाठी आपण कृष्णाकाठी आलात. स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत!

आमचे वाई गाव सात घाटांचे. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जाल, तेव्हा देवळाच्या मागची भिंत अवश्य पाहा. ती माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगावा आणि देऊळ सुरक्षित राहावे, ही त्या बांधणाऱ्यांची दृष्टी!

पण आम्हा वाईकरांचे खरे दैवत प्राज्ञपाठशाळा. तिचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांचे नाव आज बाहेर फारसे कुणी घेत नाही, याची मनाला रुखरुख आहे. १९१७ साली तरुण विनोबा त्यांच्यापाशी शांकरभाष्य शिकायला आले. खानदेशातल्या पिंपळनेरहून आलेला एक मुलगा त्यांच्या हाताखाली शिकून पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला, आणि त्याच तर्कतीर्थांनी याच गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला. जगाचे ज्ञान सामान्य माणसाला मराठीत मिळावे, हा त्यामागचा ध्यास होता.

हाच ध्यास मी आपल्या विषयाशी जोडतो, कारण संकटाचे ज्ञानही डोंगरातल्या सामान्य माणसाला मराठीत मिळायला हवे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आमच्याच तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. पाटणकडे आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे घरे माणसांसकट गाडली गेली. डोंगरउतारावर राहणाऱ्याला दुसरी जागा नसते. पावसाने भातखाचर गेले, की त्याचे वर्षाचे धान्यही गेले. देवळाला मत्स्याकार भिंत मिळाली. वाडीला अजून मिळायची आहे.

निवासाची सोय मंगल कार्यालयांत आणि शाळांत करावी लागली. गरम पाणी, अंथरूण-पांघरूण, वाहनतळ, कुठे ना कुठे उणीव राहिली असेलच. ज्येष्ठ पाहुण्यांना जिने चढावे लागले, याबद्दल विशेष दिलगीर आहे. उदार अंतःकरणाने क्षमा करावी. हळदीचे व्यापारी, नगरपालिका, शिक्षकवृंद, भाकरीचा भार उचलणाऱ्या बचतगटांच्या भगिनी आणि नाव जाहीर करू नका म्हणणारे देणगीदार, या सर्वांचा मी ऋणी आहे.

एकच विनंती. आपले ठराव सोप्या मराठीत लिहा आणि पुढच्या पावसाळ्याआधी वाडीवाडीत वाचून दाखवा. त्यासाठी लागतील तेवढे कार्यकर्ते वाई देईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र!