जहाजाचा वाटाड्या

संभाजीनगर जिल्ह्याला समुद्र नाही, मग बंदराची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कापसाच्या गाठी न्हावाशेव्याहूनही परदेशी जातात, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

जहाज बंदराशी आले की सरकारी बंदराचा पायलट, म्हणजे वाटाड्या, होडीने सामोरा जातो. भर पावसाळ्यातही तो दोरशिडीने वर चढतो. साता समुद्रांचा कप्तान तेथे त्याचे ऐकतो. कारण गाळ कोठे, खडक कोठे, ओहोटीची ओढ कोणीकडे, हे त्या पाण्यात वावरलेल्यालाच ठाऊक! दोनशे टन वा त्याहून मोठ्या जहाजाने वाटाड्यावाचून बंदरात हलू नये, असे १९०८ च्या कायद्याने ठरविले ते उगाच नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. तेल सांडले, मालाच्या पेट्या समुद्रात पडल्या, बंदरे काही दिवस ठप्प झाली. आणि काडीचा संबंध नसता कोळ्यांची मासळी घेण्यास लोक कचरू लागले.

वाटाड्याचे शुल्क जहाजवाला भरतो व भाड्यात चढवितो. म्हणजे त्याचा भार फिरून आपल्या मालावरच येतो. आणि ही जागा कुळीवर मिळत नाही. आधी जहाजावरची वर्षानुवर्षांची चाकरी, मग कप्तानकीची परीक्षा. त्या शिक्षणाचा खर्च कुणब्या-सुताराला पेलवत नाही. तेव्हा पुढील ग्रामसभेत शिष्यवृत्तीची मागणी लेखी मांडा; अर्ज आम्ही लिहून देऊ.